उशाशी बसणाऱ्या आजीला

वालावल, ता. कुडाळ
आषाढ वद्य पंचमी

प्रिय ताई,


आपली लेक आठव्या महिन्यात माहेरी आली, कुडाळच्या दवाखान्यात नाव घातलं, आणि श्रावणात दिवस भरतील असं डॉक्टर म्हणतात. जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंच्या, आळीव, डिंक, बाळंतशेपा, शेगडीचे कोळसे, सगळं तू एव्हाना गोळा केलं असणार. त्या बाबतीत तुला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही. हे पत्र आहे ते त्या यादीत नसलेल्या गोष्टीबद्दल: जन्मल्यापासूनचे पहिले तीन दिवस आणि तीन रात्री दवाखान्यातल्या खाटेवर बाळाच्या पोटात काय जातं आणि कसं जातं, याबद्दल. फोनवर हे बोलायला गेलं की मधेच कुणीतरी येतं आणि विषय बारशाकडे वळतो. कागदावरचं तू सावकाश वाचशील, पटलं नाही तर पुन्हा वाचशील. माझं म्हणणं असं आहे की ‘हिला दूधच येत नाही’ हा निकाल आपल्याकडे बहुतेक वेळा वेळेआधी दिला जातो. आणि तो दिला जातो, कारण त्या तीन दिवसांत बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या माणसाला काय बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. तिथे तू बसणार आहेस, म्हणून हे तुला लिहिते आहे, तिला नाही. तिच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे.

पहिल्या दिवशी दूध धो धो येत नाही, कारण ते तसं यायचंच नसतं. गरोदरपणाच्या मध्यापासून स्तनांत चीक तयार असतो, पण पुरतं दूध तयार होण्याला वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन अडवून धरतं. वार पडली की ते रक्तातून झपाट्याने उतरतं आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती जड होते, पान्हा येतो. पहिलटकरणीला थोडा उशीर, सिझर झालं असेल, मधुमेह असेल किंवा वजन जास्त असेल तर आणखी थोडा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री स्तन्य वाहू लागतं असं नोंदलेलं आहे, म्हणजे हे निरीक्षण काही आजचं नाही. तोपर्यंत बाळाला मिळतो तो चीक, एका वेळी चमचाभर, कधी त्याहूनही कमी. बाळाची गरजही तेव्हा तेवढीच असते. शिवाय ते आईच्या पोटातून अंगात पाण्याचा साठा घेऊन आलेलं असतं, म्हणूनच पहिल्या तीन-चार दिवसांत त्याचं वजन शेकडा सात-आठने घटलं तरी डॉक्टर घाबरत नाहीत. दोन आठवड्यांच्या आत ते भरून येतं. घट शेकडा दहापर्यंत पोचली तर मात्र थांबून नीट बघावं लागतं. तेव्हा पहिल्या रात्री छाती दाबून बघून ‘काहीच नाही गं’ म्हणणारी बाई, मग ती कितीही मायेची असो, चुकीच्या दिवशी चुकीची गोष्ट मोजत असते.

आता या निकालानंतर काय होतं ते बघ, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. डबा येतो, बाटली येते, बाळ तीस-चाळीस मिली पावडरचं दूध पिऊन चार तास गाढ झोपतं, आणि सगळ्यांना वाटतं की पोर उपाशी होती हे सिद्ध झालं. त्या चार तासांत बाळ छातीला लागत नाही. बाळाने ओढलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध तयार करण्याची सूचना जाते. त्याच ओढण्याने ऑक्सिटोसिन सुटतं आणि तयार झालेलं दूध पुढे येतं. ओढलंच नाही तर सूचनाही जात नाही. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं तेव्हा बाळाचं पोट बाटलीने भरलेलं असतं, छाती दगडासारखी दाटते, निपल चपटं होतं, बाळाला धरता येत नाही. तुंबलेली छाती पुढचं दूध कमी बनवते, हा शरीराचा नियमच आहे. आठवड्याभरात दूध खरोखर कमी पडतं, आणि पहिल्या रात्रीचं भाकीत खरं ठरल्याचा सगळ्यांना भास होतो. एकदा कारणाने चार चमचे दिले म्हणून सगळं बिघडतं, असं मी म्हणत नाही. ते देणं दर दोन-तीन तासांचा पाठ झाला आणि बाळ छातीपासून दूर राहिलं, की बिघडतं.

तू म्हणशील, दवाखान्यात डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मग हे सगळं आपण कशाला बघायचं? याला उत्तर देशाच्या आकड्यांतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ टक्के होती. २०१९-२१ च्या फेरीत ती ८८.६ टक्क्यांवर गेली. आई आणि बाळ दोघांचे जीव वाचवणारी ही गोष्ट आहे आणि तिचं मोल कमी लेखावं असं मला मुळीच वाटत नाही. पण जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला लावलेल्या बाळांचं प्रमाण त्याच काळात ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर गेलं, म्हणजे जागचं हललंच नाही. दहा टक्के अधिक बाळं दवाखान्याच्या छपराखाली जन्मली, आणि पहिल्या तासातलं दूध होतं तिथेच राहिलं. याचा अर्थ दवाखाना वाईट असा नाही. बाळंतपण सुखरूप करणं आणि त्यानंतर दर दोन तासांनी एकेका आईजवळ अर्धा तास बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला तिथे माणूस नेमलेला नसतो. रात्रपाळीच्या एका सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असतो. ती येते, बाळ छातीशी टेकवते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तिला दोष देऊन काही हाती लागणार नाही.

ही जागा शिकवलेलं साधं माणूस भरून काढू शकतं, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायकांना शिकवून नवजात बाळांच्या घरी पाठवलं: वजन करायचं, ऊब राखायची, दूध पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि त्यावर औषध द्यायचं. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. त्यात जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा मोठा वाटा होता, सगळं श्रेय दुधाला देता येणार नाही. पण ज्यांना आपण चार बुकं शिकलेल्या म्हणतो अशा गावच्या बायका, काय बघायचं हे ठाऊक झालं की, बाळाचा जीव तोलून धरू शकतात एवढं त्यावरून नक्की ठरतं. हीच रीत पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या हाती आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. मात्र यादीतला पहिला दिवसच तिसरा आहे, आणि सिझर झालं असेल तर त्या दिवशी बाळंतीण अजून दवाखान्यातच असते. सिस्टरला वेळ नाही आणि आशाताईची पाळी आलेली नाही, असे हे पहिले दिवस आहेत. तिथे फक्त आजी असते.

तर बघायचं काय? दूध किती आलं ते डोळ्यांना दिसत नाही, पण लंगोट दिसतो. पहिल्या दिवशी एकदा लघवी, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि दूध उतरलं की पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. शी आधी काळी आणि चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. हा क्रम चालू असेल तर बाळाला मिळतं आहे, मग छाती रिकामी वाटो की भरलेली. दुसरं बघायचं ते तोंड. नुसतं निपल तोंडात गेलं तर दूध नीट निघत नाही आणि चिरा पडतात. भोवतीचा काळा भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बाळाचं डोकं मागून ढकलायचं नाही, मानेच्या मुळाशी आधार द्यायचा आणि त्याने मोठा आ केला की जवळ घ्यायचं. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर बाळ नीट लागलेलं नाही. करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. ‘पहिल्यांदा दुखणारच, सोस’ असं तिला सांगू नकोस. आयआयटी मुंबईत डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने याच्या चित्रफिती झाल्या आहेत, मराठीतही आहेत. लेकीबरोबर बसून त्या आत्ताच बघ. दिवस भरल्यावर, कळा सुरू झाल्यावर कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

तुझा पहिला आक्षेप मला ऐकू येतोच आहे: आपण सगळी मधाचं बोट चाटून, गूळपाणी पिऊन, एरंडेल घेऊन वाढलो, आपल्याला काय झालं? जी जगली तीच हा प्रश्न विचारायला उरतात, ताई. जी गेली त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, मोठ्यांना ती काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू त्यांच्या विषाने लुळे पडू शकतात. म्हणून मध वर्षभर नाही म्हणजे नाही. गूळपाणी आणि ग्लुकोजचं पाणी पोटात जागा अडवतं, भूक मारतं आणि बाळाला छातीपासून लांब ठेवतं. बाळगुटी उगाळायची हौस तुला आहे, ती सहा महिने आवर. आणि चीक पिळून टाकायची रीत तर आपल्या कोकणाला शोभणारीच नाही. गाय व्याली की खरवस घरोघर वाटतो, पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस किती घट्ट येतो ते कौतुकाने सांगतो, वासराला तो मिळालाच पाहिजे हेही गोठ्यातल्या प्रत्येकाला कळतं. तीच माणसं बाईचा चीक पिवळा आणि घाण म्हणून कापसाने पुसून टाकतात. त्या पिवळ्या थेंबांत रोगाशी लढणारी द्रव्यं सगळ्यात दाट असतात. पोट साफ करून काळी शी बाहेर काढायचं काम चीकच करतो, त्यासाठी एरंडेल लागत नाही.

दुसरा आक्षेप रडण्याचा. तो खरा कठीण आहे, कारण नातवंड रडताना तर्क ऐकायला कुणाला धीर असतो? पण हे आधीच माहीत असू दे: पहिला दिवस बाळ बहुधा झोपून काढतं, आणि दुसऱ्या रात्री तासातासाला छाती मागतं. घरचे नेमके त्या रात्री हार मानतात आणि डबा मागवतात. त्या रात्रीचं सारखं मागणं ही उपासमार असेलच असं नाही. वारंवार ओढूनच ते तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं दूध बोलावत असतं. लंगोट ओले आहेत, बाळ तरतरीत आहे, छातीला लागल्यावर शांत होतं, तर ती रात्र काढायची. शिवाय रडणं ही भुकेची शेवटची पायरी आहे. आधी ते मान वळवतं, तोंड उघडतं, मुठी तोंडात घालतं. तेव्हाच उचललंस तर रडायची वेळ कमी येते, आणि रडून लाल झालेलं बाळ नीट लागतही नाही. ‘पण मग तिला झोप कधी?’ असं तू विचारशील, आणि ते बरोबरच आहे. दूध पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं हे तुझं काम. दिवसा बाळ झोपलं की तिची खोली बंद करणं हेही तुझंच. पेढे घेऊन आलेल्यांना बाहेरच्या बाकावर बसव. विहीणबाई आल्या तर त्यांनाही सांग, त्या समजून घेतील. आणि कुणी तिच्यासमोर ‘दूध नाही वाटतं’ असं म्हणालं तर तिथेच थांबव. भीती, लाज आणि दुखणं यांनी ऑक्सिटोसिन अडतं, छातीत असलेलं दूधही मग सुटत नाही.

सिझर झालं तर? देशात पाचातलं एक बाळ आज सिझरनेच जन्मतं, तेव्हा हे धरूनच चालावं. कमरेत भूल दिलेली आई शुद्धीवर असते आणि तिचं दूध बाळाला चालतं. अडचण असते ती टाक्यांची आणि हलता न येण्याची. तिला कुशीवर वळवून, पाठीला उशी देऊन बाळ तिच्याशी समांतर ठेव आणि हाताने धरून राहा. बाळ वेगळ्या खोलीत, पेटीत ठेवलं असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा. काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोट ठेवून छातीच्या दिशेला दाबायचं आणि हळूच जवळ आणायचं. उकळून घेतलेल्या लहान वाटीत चार-सहा थेंब पडले तरी ते सिस्टरकडे दे, चमच्याने पाजता येतात. थेंबांकडे बघून हिरमुसू नका, आठ-दहा वेळा केलं की वाढतात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप: काही बायकांना दूध खरोखरच पुरत नाही. हे शंभर टक्के खरं आहे, आणि ‘प्रत्येक आईला दूध येतंच’ असं ठासून सांगणारे लोक बाळाचा आणि आईचा दोघांचा घात करतात. आजारपण, फार रक्तस्राव, थायरॉइड, छातीवर झालेली शस्त्रक्रिया, स्तनाची वाढच कमी असणं, अशी खरी कारणं असतात. शंभूराजे १६५७ साली पुरंदरावर जन्मले तेव्हा सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती, त्यांना दूध पुरेना, आणि कापूरहोळच्या धाराऊने शंभूराजांना अंगावर पाजलं. सईबाईंना कुणी बोल लावला नाही, आणि धाराऊचं नाव आजही आदराने घेतलं जातं. दुसऱ्या आईचं दूध ही आपल्याकडची जुनीच वाट आहे. फक्त आज ती तपासून घ्यावी लागते, कारण काही आजार दुधातून जाऊ शकतात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना देतात. ते मिळत नसेल तेव्हा पावडरचं दूध हेच औषध, आणि औषध दिल्याची लाज नसते. बाळाची साखर उतरली, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, ते फार लवकर जन्मलं, तर डॉक्टर सांगतील तेवढं द्यायचंच.

म्हणून डबा पुढे आला तर नाही म्हणू नकोस, हट्टही करू नकोस. शांतपणे विचार: कशासाठी, किती आणि कधीपर्यंत? ज्या डॉक्टरकडे कारण असतं तो या तिन्हींची उत्तरं देतो. वजन इतकं होतं, इतकं झालं, इतके मिली द्या, उद्या पुन्हा बघू, असं उत्तर मिळालं तर निमूट ऐक. ‘बाळ रडतंय ना, द्या’ एवढंच उत्तर असेल तर आधी कुणाला तरी बाळ छातीला लागताना बघायला सांग. दिलंच तर वाटी-चमच्याने दे, बाटलीने नको, आणि प्रत्येक वेळी आधी छातीला लावून मग. १९९२ चा कायदा आहे, पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्याला भेटी, सगळ्याला त्यात बंदी आहे. सरकारने इतका कडक कायदा उगाच केला नसेल, एवढं लक्षात ठेव.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे माझं हे सगळं पत्र बाजूला ठेवायचं. बाळ उठवूनही उठत नाही, ओढता ओढता सुस्त पडतं, दिवसभर लघवी नाही, चौथ्या दिवशीही शी काळीच आहे किंवा लघवीचा डाग विटकरी येतो, अंग तापलेलं किंवा गार लागतं, पिवळेपणा हातापायांच्या तळव्यांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट बघायची नाही. घरी आल्यावर यातलं काही दिसलं तर थेट ओरोसचं जिल्हा रुग्णालय, आणि ते म्हणाले तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. साधी कावीळ बऱ्याच बाळांना होते, निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्यासाठी दूध तोडू नये, उलट जास्त वेळा पाजावं, कारण तो पिवळा रंग शीवाटेच बाहेर पडतो. कोवळ्या उन्हावर विसंबू नकोस, आणि श्रावणात ते मिळणारही नाही.

खाण्याचं तुला सांगायला नको. फक्त पाणी तोडू नकोस, आणि पेजेवरच ठेवू नकोस. दूध पाजणाऱ्या बाईला रोज सहाशेच्या आसपास उष्मांक जास्त लागतात. भात, नाचणी, कुळीथ, अंडी, मासे, शेवग्याचा पाला, सगळं चालतं. आळीव, मेथी आवडत असेल तर दे, पण बाळाने ओढण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दवाखान्यात तीन गोष्टी विचारून ये. बाळ पुसून, पहिल्या तासातच तिच्या उघड्या छातीवर देतील का, सिझर झालं तरी? रात्री बाळ तिच्याजवळच ठेवतील का? आणि दूध पाजायला मदत करणारी सिस्टर कोण, तिची पाळी कधी? पहिली आंघोळ निदान एक दिवस पुढे ढकला, अंग गार पडलं की बाळ ओढत नाही. एक वही ने, लघवी-शी आणि पाजल्याच्या वेळा लिहीत जा, डॉक्टर फेरीला आले की तीच त्यांच्या हातात दे. जावईबापूंनाही चित्रफीत पाठव, घरी आल्यावर मध्यरात्री बाळ उचलून द्यायचं काम त्यांचं. आणि सोडण्याची तारीख कळताच तुमच्या वाडीच्या आशाताईला फोन कर, म्हणजे तिसऱ्या दिवसाची फेरी हुकली तरी सातव्याची वाट न बघता ती तुम्ही घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वजनकाटा घेऊन येईल.

तुझी,
धाकटी